देहबोलीचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम : हातांपुरता उत्तम, बाकीचा तपासून घ्यावा असा

"तुमचे म्हणणे पटते, पण बोलताना तुमचे हात दुसऱ्याच कोणाचे तरी असल्यासारखे वाटतात," असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सादरीकरणानंतर सांगितले, तेव्हा मी वरवर हसून विषय बदलला. मात्र त्या दिवसापासून चार माणसांसमोर उभे राहिले की हातांचे करायचे काय, हा प्रश्न मला छळू लागला. खिशात घातले तर बेफिकीर, घडी घातली तर तुसडी, मागे बांधले तर पहारेकरी आणि नुसते सोडून दिले तर बुजगावणे, अशी माझी मीच वर्गवारी करून ठेवली होती. लहानपणी "हाताची घडी, तोंडावर बोट" एवढेच देहबोलीचे शिक्षण मिळालेल्या माणसाने पुढे भर सभेत हात मोकळे सोडून बोलावे, ही अपेक्षा तशी थोडी जास्तच आहे. अखेर देहबोली आणि हातवारे यांवरचा सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी स्वतःच्या खर्चाने पूर्ण केला, आणि त्याचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकारचे बहुतेक वर्ग थोड्याफार फरकाने याच साच्यातले असतात, आणि माझे समाधान व माझी तक्रार दोन्ही त्या साच्याविषयी आहेत.

आठवड्यातून दोन थेट सत्रे, प्रत्येक सत्र ९० मिनिटांचे, अशी रचना होती. शिवाय दर आठवड्याला दिलेल्या विषयावर दोन मिनिटे बोलून स्वतःचा व्हिडिओ पाठवायचा, त्यावर प्रशिक्षकांचा लेखी अभिप्राय घ्यायचा, आणि शेवटच्या आठवड्यात एक सराव-मुलाखत द्यायची. आमच्या तुकडीत १२ जण होते आणि दोन प्रशिक्षक आलटून पालटून शिकवत. त्यांतील एक बाई बरीच वर्षे रंगमंचावर काम करून या क्षेत्रात आल्या होत्या; दुसरे गृहस्थ कंपन्यांच्या विक्री विभागांना प्रशिक्षण देणारे होते. हा तपशील मी उगीच देत नाही. अभ्यासक्रमात जे उत्तम निघाले ते जवळजवळ सगळे बाईंच्या तासांतले होते आणि जे फसवे निघाले ते जवळजवळ सगळे दुसऱ्या प्रशिक्षकांच्या तासांतले. एकाच छपराखाली दोन परस्परविरोधी गोष्टी शिकवल्या जात आहेत, याची संस्था चालवणाऱ्यांना कल्पना असावी असे मला वाटले नाही.

सुरुवात दुसऱ्या प्रशिक्षकांनी केली, आणि पहिलीच स्लाइड ७, ३८ आणि ५५ या आकड्यांची निघाली. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के, असे ठामपणे सांगून त्यावर पुढचा अर्धा तास उभा केला गेला. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन अभ्यासांतून आले आहेत, एवढे खरे आहे. परंतु त्या अभ्यासांत कोणालाही भाषण ऐकवलेले नव्हते. सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवायचे, किंवा एखादा शब्द निरनिराळ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांबरोबर ठेवायचा, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगायचे, असे त्यांचे स्वरूप होते. "काही हरकत नाही" हे शब्द कोणी दातओठ खाऊन उच्चारले तर आपण शब्द सोडून दातओठांवर विश्वास ठेवतो. त्या आकड्यांचा आवाका साधारण इतकाच आहे, आणि भावना व आवडनिवड यांच्या बाहेर ते सूत्र लावू नये असे मेहराबियन यांनी स्वतःही स्पष्ट केलेले आहे. शब्दांना जर खरोखरच ७ टक्केच किंमत असती, तर ती स्लाइड समजावून सांगायला प्रशिक्षकांना अर्धा तास बोलावे लागले नसते. अर्थात हे मी तेव्हा बोलले नाही; पहिल्याच दिवशी वाकड्यात शिरणे बरे दिसले नसते.

दुसरे सत्र बाईंचे होते, आणि या अभ्यासक्रमाला मी चांगले म्हणते आहे ते प्रामुख्याने त्या एका सत्रामुळे आणि त्यातून पुढे निघालेल्या सरावामुळे. त्यांनी काहीही न शिकवता आम्हा प्रत्येकाला आमचाच पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ तीनदा पाहायला लावला : एकदा आवाज पूर्ण बंद करून, एकदा पडदा झाकून फक्त आवाज ऐकत, आणि शेवटी दोन्ही एकत्र. प्रत्येक वेळी जे दिसेल ते कागदावर उतरवायचे, मात्र विशेषणे वापरायची नाहीत, अशी अट होती. "घाबरलेली दिसते" असे लिहायचे नाही. "डावा खांदा उजव्यापेक्षा वर आहे" असे लिहायचे. ही अट म्हणजे या विषयातील अर्धे शहाणपण आहे, हे मला पुढे कळले.

आवाज बंद केल्यावर पडद्यावर जी बाई दिसली तिला मी ओळखत नव्हते. दोन मिनिटांत तिने उजव्या हाताच्या अंगठ्याने अनामिकेतली अंगठी अकरा वेळा फिरवली. डावा हात उजव्या मनगटाला असा घट्ट धरून होता की जणू तो सुटून पळून जाईल. मधूनच उजवा हात काही सांगण्यासाठी उठायचा, वीतभर वर यायचा आणि वाक्य पुरे होण्याआधीच डावा हात त्याला पुन्हा खाली ओढून न्यायचा. पडदा झाकून ऐकले तेव्हा कळले की हात जिथे खाली ओढला जात होता नेमका तिथेच आवाजही वाक्याच्या शेवटाला बुडत होता. सहकाऱ्यांनी "दुसऱ्याच कोणाचे हात" म्हटले होते ते मला त्या रात्री समजले : माझे हात बोलायला निघाले होते आणि मीच त्यांचे तोंड दाबून धरत होते.

यानंतर बाईंनी जी मांडणी केली ती या क्षेत्रातील अभ्यासकांच्या मांडणीला धरून होती. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ मध्ये शरीराच्या हालचालींची जी वर्गवारी केली, तिच्यातील तीन प्रकार त्यांनी हातांपुरते उचलले. स्वतःलाच कुरवाळणाऱ्या, चाचपणाऱ्या, खाजवणाऱ्या हालचाली, म्हणजे माझी अंगठी, कोणाचे केस, कोणाच्या पेनाचे टोपण, हा पहिला प्रकार. बोलण्याला चित्र जोडणाऱ्या किंवा ठेका देणाऱ्या हालचाली हा दुसरा. आणि शब्दाशिवायही ठरलेला अर्थ सांगणाऱ्या खुणा, उदाहरणार्थ उंचावलेला अंगठा, हा तिसरा. चांगली छाप पाडायची म्हणजे पहिला प्रकार कमी करायचा, दुसऱ्याला मोकळीक द्यायची आणि तिसरा जपून वापरायचा, इतके ते सरळ आहे. मात्र पहिला प्रकार "थांबवायचा" म्हटले की थांबत नाही, तो वाढतो, हे बाईंचे म्हणणे मला शब्दशः अनुभवाला आले. अंगठी घरी काढून ठेवली तर मी बाहीचे बटण फिरवू लागले. हातांना बंदी घालण्याऐवजी काम द्यायचे, हा त्यांचा उपाय होता.

हे काम म्हणजे नेमके काय, यावर तीन सत्रे खर्च झाली आणि ती सत्कारणी लागली. माणूस समोरच्याला दाखवण्यासाठीच हात हलवतो असे आपण धरून चालतो, पण जन्मांध मुलेही बोलताना हात हलवतात, आणि ऐकणाराही अंध आहे हे ठाऊक असतानासुद्धा हलवतात, हे जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले आहे. फोनवर कोणाला रस्ता समजावून सांगताना आपला हात हवेत डावीकडे वळतो, तोही त्याच कारणाने : हात ऐकणाऱ्याइतकेच बोलणाऱ्यासाठीही काम करत असतात. लोकांचे हात हलू दिले नाहीत तर जागा, दिशा, आकार यांविषयी बोलताना त्यांचे बोलणे अधिक अडखळते, असेही प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणून "हात कमी हलवा" हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला निम्मा चुकीचा आहे, कारण त्यामुळे नुसते हात थांबत नाहीत, वाक्यही अडते.

प्रत्यक्ष सरावात बाईंचा भर तीन बाबींवर होता. पहिली म्हणजे वेळ. बोलण्याबरोबर सहज येणारा हात शब्दाच्या किंचित आधी किंवा शब्दाच्या जोडीनेच येतो. ठरवून केलेला हात शब्दानंतर येतो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी तो उशीर खटकतोच. आधी "वाढ" म्हणायचे आणि मग आठवण झाल्यासारखा हात वर न्यायचा, हे आमच्या तुकडीतील निम्म्या लोकांच्या व्हिडिओत होते, आणि दोन कळसूत्री बाहुल्यांची दोरी एकाच माणसाच्या हातात असावी तसे ते दिसत होते. दुसरी बाब दिशा. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या श्रोत्यांसमोर काळाचा क्रम हाताने दाखवायचा असेल तर "आधी" हे त्यांच्या डाव्या बाजूला, म्हणजे बोलणाऱ्याच्या उजव्या बाजूला ठेवायला हवे. आपण मात्र स्वतःच्या डावीकडून सुरुवात करतो आणि श्रोत्यांना उलटी गंगा दाखवतो. शिवाय एकदा एखादा पर्याय उजवीकडच्या हवेत "ठेवला" की पुढची दहा मिनिटे तो तिथेच राहिला पाहिजे. आपण त्याची जागा बदलली तर ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. इतकी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. तिसरी बाब तळव्याची. बोट रोखून जे वाक्य आरोपासारखे लागते तेच तळवा उघडा ठेवून विचारल्यासारखे वाटते, आणि हे त्यांनी एकच वाक्य दोन्ही प्रकारे म्हणून दाखवले तेव्हा पडद्यापलीकडे बसलेल्या मलाही मागे सरकावेसे वाटले.

हात किती उंच न्यायचा आणि किती पसरायचा, यावर दोन्ही प्रशिक्षकांचे खांद्यापासून कमरेपर्यंतच्या एका चौकटीवर एकमत होते, आणि दुसऱ्या प्रशिक्षकांनी ती चौकट म्हणजे अगदी अलीकडचा शोध असल्यासारखी सांगितली. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन यांनीही हात डोळ्यांच्या वर नेऊ नये आणि छातीच्या खाली उतरू देऊ नये, असा जाणकारांचा दंडक नोंदवून ठेवलेला आहे, तेव्हा "नवे तंत्र" हा शब्द जरा बेताने वापरायला हवा होता. बाईंनी त्यात घातलेली भर मला अधिक उपयोगी वाटली : चौकट खोलीप्रमाणे बदलते. सभागृहाच्या शेवटच्या रांगेला कोपरातून हललेला हात दिसत नाही, तिथे खांद्यापासून हलावे लागते. चार माणसांच्या टेबलावर तोच हात समोरच्याच्या पाण्याच्या पेल्याला लागतो.

तिसऱ्या आठवड्यात मात्र गाडी घसरली. महत्त्वाच्या भेटीआधी दोन मिनिटे हात कमरेवर ठेवून, पाय फाकवून, छाती पुढे काढून उभे राहिले की शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते, टेस्टोस्टेरॉन वाढते, कॉर्टिसॉल घटते आणि माणूस आत्मविश्वासाने भारून जातो, असे दुसऱ्या प्रशिक्षकांनी सिद्ध झालेले विज्ञान म्हणून सांगितले. हा निष्कर्ष २०१० मध्ये डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी ४२ जणांवरील प्रयोगातून मांडला होता. पुढे २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा संप्रेरकांतील बदल दिसला नाही, आणि २०१६ मध्ये तर मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका असलेल्या कार्नी यांनीच हा परिणाम खरा आहे असे आपल्याला आता वाटत नाही, असे जाहीरपणे लिहिले. ताठ उभे राहिल्याने कोणाला बरे वाटत असेल तर त्याने खुशाल उभे राहावे, माझे काही म्हणणे नाही. पण संप्रेरकांचा हवाला देऊन ते शिकवायचे असेल तर पुढची हकिगतही सांगायला हवी. मी या वेळी प्रश्न विचारला. "तुम्ही शंका घेत राहिलात तर तुम्हाला फायदा होणार नाही," असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला अभ्यासक्रमातील सर्वांत वाईट क्षण वाटले, कारण ते वैदूचे उत्तर आहे.

त्याच प्रशिक्षकांनी दिलेल्या आणखी दोन क्लृप्त्या मी चौथ्या आठवड्यात एका खऱ्याखुऱ्या निवड-मुलाखतीत वापरल्या. त्यांतील पहिली दोन्ही हातांची बोटे टोकांना टेकवून शिखर करण्याची, ज्यामुळे म्हणे अधिकार दिसतो. दुसरी समोरच्याच्या हालचालींचे प्रतिबिंब दाखवण्याची, ज्यामुळे म्हणे जवळीक वाटते. घरी मी हात असलेल्या खुर्चीत बसून शिखराचा सराव केला होता. मुलाखतीच्या खोलीतील खुर्चीला हातच नव्हते. कोपरे टेकवायला जागा नसल्यामुळे शिखर अधांतरी राहिले, मग मी ते टेबलावर टेकवले, टेबल उंच होते, आणि शिखर हनुवटीशी येऊन मी प्रार्थनेला बसल्यासारखी दिसू लागले. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी प्रतिबिंबाच्या भरात माझाही चष्मा काढला. पुसायला काही नव्हते, म्हणून तो तसाच हातात धरून बसले, आणि समोरचे तिन्ही चेहरे धूसर झाले. नेमका त्याच वेळी वेळापत्रक कोसळले तर तुम्ही काय कराल, असा काहीतरी प्रश्न विचारला गेला. त्याचा उत्तरार्ध मला कळलाच नाही, कारण मी त्या क्षणी अध्यक्ष मागे रेलले आहेत का ते पाहण्याचा प्रयत्न करत होते. "तुम्हाला काही त्रास होतो आहे का?" असे मंडळातील बाईंनी अतिशय मायेने विचारले. निवड झाली नाही, हे वेगळे सांगायला नको.

या फजितीचे खापर मी एकट्या प्रशिक्षकांवर फोडणार नाही, पण ही तंत्रे ज्या अर्धवट स्वरूपात शिकवली गेली त्यात फजितीचे बी होतेच. समोरच्याच्या हालचालींची नकळत नक्कल होते आणि ज्याची अशी सौम्य नक्कल केली जाते त्याला नक्कल करणारा थोडा अधिक आवडतो, हे तान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांच्या १९९९ च्या अभ्यासात दिसले होते खरे. मात्र त्या प्रयोगांत लोकांना आपण नक्कल करतो आहोत किंवा आपली नक्कल केली जात आहे याचा पत्ताही नव्हता. पत्ता लागण्याइतकी ठळक नक्कल ही वेडावणे ठरते, हे शाळकरी पोरालाही माहीत असते. बोटे जुळवण्याचेही तसेच. जर्मनीच्या माजी चॅन्सेलर अँजेला मर्केल यांची पोटापाशी जुळवलेल्या बोटांची चौकट जगभर त्यांची ओळख बनली, आणि वर्गात त्यांचे छायाचित्र अधिकाराचे प्रतीक म्हणून दाखवले गेले. मात्र हात ठेवायचे कुठे, या प्रश्नातून ती सवय आपल्याला लागली, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. म्हणजे त्यांचा प्रश्न माझाच होता, आणि त्यांनी तो स्वतःच्या अंगाला बसेल असा सोडवला. मी त्यांचे उत्तर माझ्या अंगावर चढवू पाहिले.

पाचव्या आठवड्यातील "समोरचा खोटे बोलतो आहे का ते ओळखा" हे सत्र अभ्यासक्रमातून सरळ काढून टाकावे, असे माझे मत आहे. नाकाला हात लावला, नजर चुकवली, पाय दाराकडे वळले, म्हणजे लबाडी, अशी एक यादीच वाटण्यात आली. माणसे खोटे किती अचूक ओळखतात याचा चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, तेव्हा सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि नाणे उडवले तरी ५० टक्के हाती लागतातच. नजर चुकवणे हे तर फार फसवे लक्षण आहे, कारण अवघड प्रश्नावर खरोखर विचार करणारा माणूसही चेहऱ्यावरून नजर काढून घेतो. चेहरा वाचण्याचा भार कमी झाला की आठवायला सोपे जाते. आमच्या तुकडीत एक अबोल तरुण होता, जो उत्तर देण्याआधी दर वेळी टेबलाकडे पाहायचा आणि मग अतिशय नेमके बोलायचा. या सत्रानंतर त्याला सगळ्यांदेखत "तुमची नजर विश्वासार्ह नाही" असे सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात तो डोळे ताठ रोखून बोलू लागला आणि त्याची उत्तरे पूर्वीच्या निम्म्यानेही चांगली राहिली नाहीत. छाप पाडायला शिकवणाऱ्या वर्गात माणसांची पारख करण्याचे तोकडे तंत्र कशाला हवे, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही.

देशोदेशींच्या खुणांना अर्धे सत्रही मिळाले नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ कुठे "उत्तम", फ्रान्समध्ये "शून्य", जपानमध्ये "पैसे" आणि ब्राझीलमध्ये शिवी ठरू शकते, एवढे सांगून विषय आटोपला. ज्यांना परदेशी लोकांशी रोज बोलावे लागते त्यांच्यासाठी हे अपुरे आहे, इतरांना पुरेसे.

कॅमेऱ्यासमोरच्या देहबोलीचे सत्र मात्र कामाचे निघाले, आणि तेही बाईंनीच घेतले. पडद्यावरील चेहऱ्याकडे पाहिले की समोरच्याला आपली नजर खाली झुकलेली दिसते आणि भिंगाकडे पाहिले की आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही, हा पेच पूर्ण सुटत नाही. त्यामुळे ऐकताना चेहऱ्याकडे पाहा आणि स्वतःचे मुख्य वाक्य बोलताना तेवढ्यापुरते भिंगाकडे पाहा, ही तडजोड त्यांनी सुचवली. संगणक दोन पुस्तकांवर ठेवून भिंग डोळ्यांच्या रेषेत आणायचे आणि खुर्ची हातभर मागे घ्यायची, म्हणजे हात चौकटीत दिसतात. पूर्वी माझ्या हातांची फक्त बोटांची टोके खालून डोकावत असत, जणू कोणी पाण्यातून मदत मागते आहे. दुसऱ्याचे बोलणे ऐकताना मी कपाळाला आठ्या घालते, हेही मला याच सत्रात प्रथम दिसले. मला ते एकाग्रतेचे लक्षण वाटत होते; पाहणाऱ्याला ते नापसंती वाटते. १५ ऑक्टोबर १९९२ च्या अमेरिकी अध्यक्षीय वादसभेत जॉर्ज बुश थोरले यांनी घड्याळाकडे टाकलेली नजर अजून लोकांच्या लक्षात आहे, आणि बाईंनी तो प्रसंग दाखवताना लक्ष वेधले ते याकडे की ती नजर प्रेक्षकांतून प्रश्न येत असताना पडली होती. बोलताना कसे दिसावे याचा सराव सगळे करतात; ऐकताना कसे दिसतो याकडे कोणी पाहत नाही. या विषयाला मी आणखी दोन तास आनंदाने दिले असते.

सेवेविषयी थोडक्यात. थेट सत्रे वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली. लेखी अभिप्राय ४८ तासांत देण्याचे आश्वासन होते; बाईंचे अभिप्राय मुदतीत आणि सेकंदांच्या नोंदीसह आले ("४२ व्या सेकंदाला हात सुटतो, तो का सुटला ते आठवा" अशा स्वरूपाचे), दुसऱ्या प्रशिक्षकांचे पाच-सहा दिवसांनी आणि "अधिक ऊर्जा हवी" इतक्या मजकुराचे. एका अभिप्रायात दुसऱ्याच कोणाच्या व्हिडिओचा उल्लेख होता. तुकडी १२ जणांची असल्यामुळे एका सत्रात प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष उभे राहून बोलायला जेमतेम पाच मिनिटे आली. सहा ते आठ जण हा आकडा योग्य ठरेल. अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र बिनकामाचे आहे, ते भिंतीला लावूनही कोणावर छाप पडत नाही. आमचे व्हिडिओ संस्थेकडे किती काळ राहतात आणि ते कोण पाहते, याची माहिती नोंदणीच्या वेळी दिली गेली नव्हती. विचारल्यावर मिळाली आणि लेखी विनंती केल्यावर ते काढून टाकल्याचे कळवण्यात आले, हे संस्थेच्या बाजूने नोंदवायला हवे.

सराव-मुलाखत सहाव्या आठवड्यात झाली आणि ती घ्यायला सुदैवाने बाई होत्या. खुर्चीला हात नव्हते. मी दोन्ही हात मांडीवर एकावर एक सैल ठेवले, कोणतेही शिखर केले नाही, आणि प्रश्न संपेपर्यंत फक्त ऐकले. नंतर व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला तेव्हा अंगठी दोनदा फिरलेली दिसली, आणि त्या दोन्ही वेळा उत्तर मला नीट येत नव्हते. हात मात्र वाक्य संपेपर्यंत वर राहिले होते.

बोलता येते पण उभे राहिले की अवघडायला होते, अशांना हा अभ्यासक्रम उपयोगी आहे. ज्यांना मुळात काय बोलायचे हेच ठरलेले नाही, त्यांनी आधी तिकडे लक्ष द्यावे, कारण ते ठरल्याशिवाय हातांना देण्यासारखे कामच नसते. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर बाईंच्या सत्रांना मी साडेचार देईन आणि उरलेल्या निम्म्याला दीड. अशा कोणत्याही वर्गाला नाव नोंदवण्याआधी एक विनामूल्य सत्र पाहायला मागावे, तुमच्या व्हिडिओवर अभिप्राय कोण लिहिणार आहे ते नावानिशी विचारून घ्यावे, आणि पहिल्याच स्लाइडवर ७, ३८ आणि ५५ हे आकडे आले तर निदान प्रशिक्षक दुसरे मागावेत.